हाडं आपली, खर्च कोणाचा?

कोलकात्यात बराहनगरला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. नाव ऐकूनच घाम फुटावा अशी संस्था. आमच्या इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये प्रोबॅबिलिटीचं एक युनिट असायचं, ते अर्धा वर्ग ऑप्शनला टाकायचा. इथे माणसं आयुष्यभर तेच करतात! प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली काढलेली ही संस्था. नॅशनल सॅम्पल सर्व्हे, दुसरी पंचवार्षिक योजना वगैरे सगळी भारदस्त कामं इथली.

तर या आकडेमोडीच्या संस्थेत भूशास्त्राचं एक छोटं संग्रहालय आहे आणि त्यात डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. बारापासॉरस त्याचं नाव. डोकं ते शेपूट लांबी अंदाजे १४ मीटर, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लांब. वय साधारण १८ कोटी वर्षं. सापडला कुठे, तर आपल्या गडचिरोलीच्या सीमेला लागून, प्राणहितेच्या खोऱ्यात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पडलेला प्रश्न अगदी आयटीवाल्याचा होता. याचं बिल कोणाच्या नावावर फाडलं? आमच्याकडे एक व्हाइटबोर्ड मार्कर मागवला तरी कॉस्ट सेंटरचा कोड टाकावा लागतो. इथे जंगलात जाऊन टनावारी हाडं उकरायची, बांधायची, कलकत्त्याला आणायची, वर्षानुवर्षं साफ करायची... संख्याशास्त्राच्या संस्थेत हा खर्च कोणत्या हेडखाली दाखवला असेल?

प्रश्न डोक्यात राहायला आणखी एक कारण आहे. माझी मावसबहीण नागपुरात जिऑलॉजीत एम.एस्सी. करतेय. तिला पुढे जीवाश्मांवरच काम करायचंय. काका (म्हणजे तिचे बाबा) एरवी शांत माणूस. पण गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून सरळ मला म्हणाले, "तू सांग हिला. दगडातल्या गोगलगायी मोजायला कोण पैसे देतं?" ती म्हणाली, "देतात हो बाबा." काका म्हणाले, "कोण?" ती गप्प. मग मीही गप्प. चकली खाल्ली.

त्यानंतर तीन-चार विकांत या "कोण?"च्या मागे गेले. उत्तर एका नावात मिळत नाही, पण गोष्ट मात्र भन्नाट आहे.

सुरुवात जबलपूरपासून करू. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमनला तिथल्या बडा सिमला टेकडीच्या परिसरात मोठाली दगडी हाडं मिळाली. स्लीमन म्हणजे ठगांच्या बंदोबस्तवाला तोच. 'डायनोसॉर' हा शब्द रिचर्ड ओवेनने काढला १८४२ मध्ये, म्हणजे स्लीमनला आपण काय उचललंय हे कळायची सोयच नव्हती. ही हाडं पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली (अशोकाची ब्राह्मी वाचणारा प्रिन्सेप. त्या काळात दहा-बारा माणसंच सगळं करत होती की काय अशी शंका येते). १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने शेपटीच्या मणक्यांना नाव दिलं टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातल्या डायनोसॉरचं हे पहिलं बारसं. शोध आणि बारसं यांत ४९ वर्षं!

या सगळ्यात संशोधनासाठी म्हणून कोणी एक पै दिलेली नाही. स्लीमनला पगार होता कंपनीच्या फौजेचा, प्रिन्सेपला टांकसाळीचा. उरलेल्या वेळात हाडं.

आपल्या नागपूरचं उदाहरण तर याहून जवळचं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे तोच. धर्मप्रसाराच्या दौऱ्यांवर जाताना हा बुवा दगड फोडत जायचा. नागपूरजवळच्या टाकळीत त्याला गोड्या पाण्यातले शंख-शिंपले मिळाले, बिया मिळाल्या, किडे मिळाले. दक्षिणेला मांगलीला एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये ओवेननेच तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स नाव दिलं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर हिस्लॉपने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला लेख त्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाला ओलांडत असता तो बुडाला. वय ४५. म्हणजे नागपूरच्या जीवाश्मशास्त्राचा पहिला प्रायोजक कोण, तर स्कॉटलंडमधल्या चर्चमध्ये रविवारी दानपेटीत नाणी टाकणारी माणसं. त्यांना बिचाऱ्यांना याची कल्पनाही नसणार.

सरकारी पैसा आला तो कोळशामुळे. आगबोटींना आणि रेल्वेला कोळसा हवा, म्हणून १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅमला आणून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया उभी केली. आता कोळशाचा थर जमिनीखाली कुठून कुठे जातो हे कळायला त्याच्या वर-खालच्या खडकांतले जीवाश्म ओळखावे लागतात. एकाच जातीची पानं दोन ठिकाणच्या दगडांत दिसली तर ते थर एका काळातले असायची शक्यता मोठी. हे म्हणजे लॉग फाइलमधल्या टाइमस्टॅम्पसारखं आहे. ओल्डहॅमने या निमित्ताचा पुरेपूर फायदा घेतला आणि १८६१ पासून 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' ही जीवाश्मांच्या वर्णनांची जाडजूड मालिका सुरू केली. सरकारला हवा होता कोळसा, सोबत मिळाली फर्नची चित्रं. अख्ख्या दक्षिण गोलार्धाच्या जुन्या खंडाला आज जग 'गोंडवाना' म्हणतं तो शब्दही याच सर्व्हेच्या कामातून, मेडलीकॉटच्या हातून, १८७२ मध्ये आला. गोंडांच्या राज्यावरून. चंद्रपूरच्या लोकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

तिकडे अमेरिकेत वेगळाच मामला होता. १८९९ मध्ये वायोमिंगला एक अवाढव्य डायनोसॉर सापडला. पैसे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचे, म्हणून नाव डिप्लोडोकस कार्नेगिआय. त्याची प्लास्टरची प्रतिकृती कार्नेगीने १९०५ मध्ये लंडनला भेट दिली, मग युरोपातल्या बाकीच्या राजधान्यांनाही हवीशी वाटायला लागली. शेठजींनी देवळाला घंटा द्यावी आणि तिच्यावर नाव कोरून घ्यावं, तसं. पण घंटा मिळाली हेही खरंच.

आपल्याकडे असा शेठ त्या काळी मिळाला नाही. जबलपूरला चार्ल्स मॅटली नावाच्या अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत उकरायला सुरुवात केली. १९३२-३३ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा पैसा होता लंडनच्या पर्सी स्लेडन ट्रस्टचा. हाडं काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेली, काही कलकत्त्याच्या सर्व्हेत राहिली.

आणि कलकत्त्यातल्या हाडांचं पुढे काय झालं? बरीचशी सापडेनाशी झाली. चोरीबिरी नाही हो. कपाटं हलली, खोल्या बदलल्या, लेबलं गळून पडली, जाणकार निवृत्त झाले. स्लीमनचे ते पहिले मणकेसुद्धा कित्येक दशकं बेपत्ता होते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशीष सेन यांनी ते सर्व्हेच्याच कोलकात्यातल्या संग्रहात शोधून काढले. भारतातल्या पहिल्या डायनोसॉरचा दुसऱ्यांदा शोध लागला तो कपाटात! आमच्या धंद्यात म्हणतात की सॉफ्टवेअर लिहायचा खर्च थोडा, चालू ठेवायचा जास्त. हाडांचंही डिट्टो तसंच. खणायला एक सीझन, साफ करायला दहा वर्षं, आणि सांभाळायचं कायमचं. अनुदान मात्र मिळतं ते पहिल्या भागाला. खणण्याचे फोटो चांगले येतात ना!

आता बिरबल साहनींकडे येऊ. या गोष्टीतला हा माझा सगळ्यात आवडता माणूस. १८९१ मध्ये पंजाबातल्या भेरा गावी जन्म (आता पाकिस्तानात), वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बिरबल केंब्रिजला सीवर्डकडे शिकले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. विषय, जीवाश्म वनस्पती. आपल्याशी त्यांचं नातं दख्खनच्या कातळाचं आहे. लाव्ह्याच्या एका थरावर दुसरा थर येण्याआधी मध्ये जो काळ गेला, त्यात तळी साचली, झाडं उगवली. पुढच्या लाव्ह्याने ती गाडली आणि जपलीही. नागपूर-छिंदवाड्याकडचे हे इंटरट्रॅपियन थर साहनींनी सूक्ष्मदर्शकाखाली पानापानाने वाचले. त्यावरून दख्खनचा लाव्हा किती जुना यावर ते हिरिरीने वाद घालायचे. (नुसतं हेच नाही. रोहतकजवळच्या खोकराकोटला त्यांना जुन्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले, तर त्यांच्यावरही पुस्तक लिहिलं. काही माणसांना झोप कमी लागते.)

त्यांना हवी होती स्वतंत्र संस्था. विद्यापीठात एका प्राध्यापकाच्या जिवावर चाललेलं काम तो गेला की संपतं, हे त्यांना दिसत होतं. पण १९४० च्या दशकातल्या हिंदुस्थानात जीवाश्म वनस्पतींसाठी संस्था काढायला पैसे द्या म्हणून कोणाच्या दारात जायचं? युद्ध, दुष्काळ, फाळणीचं सावट. काकांचा "कोण?" इथे शंभर पटींनी मोठा होतो.

साहनींनी काय केलं, तर घरातलंच बाहेर काढलं. जून १९४६ मध्ये त्यांनी आणि पत्नी सावित्रीबाईंनी ट्रस्ट केला. त्यात स्वतःचे पैसे, स्थावर मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि आयुष्यभर जमवलेले जीवाश्म, सगळं दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्था सुरू झाली. १९४८ मध्ये संयुक्त प्रांत सरकारने लखनौच्या युनिव्हर्सिटी रोडवर साडेतीन एकरांची जागा दिली. ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. कोनशिला साहनींनी स्वतः बनवली होती, तिच्यात खरे जीवाश्म घातलेले आहेत. दगडावर नाव कोरण्याची ही पद्धत मला कार्नेगीपेक्षा जास्त पटली.

आणि १० एप्रिलला साहनी गेले. हृदयविकाराचा झटका. कोनशिलेनंतर एका आठवड्यात.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. इमारत नाही, संस्थापक नाही, ट्रस्टमध्ये पैसा तो किती असणार. आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजरने नोकरी सोडली तरी प्रोजेक्ट गुंडाळतात. पण सावित्रीबाई उभ्या राहिल्या. त्या काही वैज्ञानिक नव्हत्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांनी संस्थेचा कारभार अंगावर घेतला, निधीसाठी दारं ठोठावली, युनेस्कोची मदत आली, आणि १९५२ च्या अखेरीला इमारत पुरी झाली. २ जानेवारी १९५३ ला उद्घाटनाला नेहरू पुन्हा आले. पुढे १९६९ मध्ये ती स्वायत्त संशोधन संस्था झाली. त्याच वर्षी सावित्रीबाईंना पद्मश्री मिळाली. आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान म्हणून ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पैशावर चालते. म्हणजे लखनौत आज जे पगार निघतात, शिष्यवृत्त्या निघतात, त्यांचं बी एका नवरा-बायकोच्या बँकेच्या पासबुकात आहे. योगायोग म्हणजे आपल्या पुण्यातली शं. पु. आघारकरांची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीही १९४६ चीच. आजच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं, आणि तीही त्याच विभागाची.

आता परत महालनोबिसांकडे. हा गृहस्थ मुळात पदार्थविज्ञानाचा. १९२० च्या दशकात माणसांच्या शरीराची मापं घेऊन दोन गटांत फरक किती हे कसं मोजायचं यावर विचार करू लागला आणि त्यातून १९३६ मध्ये ते प्रसिद्ध अंतराचं सूत्र मांडलं. आम्ही ॲनोमली डिटेक्शनला 'महालनोबिस डिस्टन्स' वापरतो, ते हेच. पायथॉनमध्ये एका ओळीत येतं, पण मूळ कवट्या-नाकांच्या मापांत आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा हाडं मोजणं हा संख्याशास्त्राचा प्रांत नाही असं महालनोबिसांना वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यांच्या संस्थेत जीवशास्त्र, मानववंशशास्त्र सगळं होतं. १९५७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन लंडन सोडून तिथे आले. आणि त्याच सुमारास महालनोबिसांच्या निमंत्रणावरून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पॅमेला रॉबिन्सन आल्या. इंग्लंडातल्या तरंगत उडणाऱ्या एका प्राचीन सरड्यासारख्या प्राण्यावर काम करणाऱ्या बाई. त्यांनी इथे भूशास्त्राचा विभाग उभा केला, इथली पोरं तयार केली आणि त्यांना घेऊन प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरल्या.

जागा अचूक होती. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या आपल्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. हिस्लॉपच्या काळापासून तिथल्या चुनखडीतले मासे प्रसिद्ध होते. त्या गावावरून थरांना नाव पडलं कोटा फॉर्मेशन. हे थर नदीपलीकडे तेव्हाच्या आंध्रात, आताच्या तेलंगणात जातात. तिकडे पोचमपल्ली नावाच्या खेड्याजवळ (साड्यांचं पोचमपल्ली वेगळं, ते हैदराबादच्या बाजूला) हाडांचा ढीग लागला. सुमारे ३०० हाडं, कमीत कमी सहा प्राण्यांची, २७६ चौरस मीटरांत पसरलेली. एका चांगल्या बंगल्याच्या प्लॉटएवढी जागा. मांडीचं सगळ्यात मोठं हाड १.७ मीटर, म्हणजे साधारण माझ्या उंचीचं. म्हणून नाव 'बडा पा', मोठा पाय. डोकं मात्र सापडलं नाही, नुसते दात.

हाड जमिनीतून काढणं म्हणजे नुसतं उचलणं नाही. १८ कोटी वर्षांचं हाड वरून दगड दिसलं तरी आतून भेगाळलेलं असतं. भोवतीची माती कोरायची, हाडावर ओला कागद लावायचा, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, मोडलेल्या हाताला घालतात तसं. वाळलं की उलटं करून खालून तेच. मग एकेक जड गाठोडं गाडीपर्यंत. पुढे प्रयोगशाळेत ते फोडून सुयांनी, छोट्या छिन्न्यांनी दगडाचा कण न् कण काढायचा. मुख्य खोदाई १९६०-६१ ची. सोहनलाल जैन, कुट्टी, रॉयचौधरी आणि शंकर चॅटर्जी यांचा लेख आला १९७५ मध्ये. चौदा वर्षं. कुठल्या तिमाही रिव्ह्यूत हे बसलं असतं सांगा! महालनोबिस १९७२ मध्ये वारले, त्यांना छापील नाव बघायलाही मिळालं नाही.

आणि ते पूर्ण नाव आहे बारापासॉरस टागोरी. खोदाईचं वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं होतं. अमेरिकेतला डायनोसॉर देणगीदाराच्या नावाचा, आपला कवीच्या. १९५९ च्या संसदेच्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्व मिळालं होतं, पैसा येत होता तो नमुना पाहण्यांच्या आणि योजनांच्या बळावर. त्याच्या आडोशाला एक जुरासिक प्राणी उभा राहिला. माझ्या त्या कॉस्ट सेंटरच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. वर बसलेल्या माणसाला कुतूहल होतं आणि "याचा आपल्या मँडेटशी संबंध काय" असं विचारायची खालच्याची टाप नव्हती. हे चांगलं की वाईट? ऑडिटरला विचाराल तर वाईट.

नंतरची उदाहरणं भराभर सांगतो. गुजरातेत खेडा जिल्ह्यात (आता महिसागर) रैयोलीला १९८१ मध्ये एसीसीच्या सिमेंटच्या खाणीत कामगारांना दगडी गोळे मिळाले, सर्व्हेच्या माणसांनी ती डायनोसॉरची अंडी म्हणून ओळखली. त्याच परिसरातली हाडं सर्व्हेच्या सुरेश श्रीवास्तव आदींनी १९८२ ते ८४ मध्ये गोळा केली. त्यांचा राजासॉरस नर्मदेन्सिस झाला थेट २००३ मध्ये, अमेरिकन संशोधक जोडीला आल्यावर आणि नॅशनल जिऑग्राफिकसारख्यांचा पैसा मिळाल्यावर. कोटा फॉर्मेशनमधलाच दुसरा डायनोसॉर कोटासॉरस सर्व्हेच्याच यादगिरींनी १९८८ मध्ये जाहीर केला. तो आज उभा आहे हैदराबादच्या बिर्ला सायन्स म्युझियममध्ये. शेठ मिळाला म्हणायचा, उशिरा का होईना.

मग वरोऱ्याजवळचं पिजदुरा. तिथल्या शेतांत डायनोसॉरची विष्ठा मिळते, दगड झालेली. मॅटलीनेही ती उचलली होती. २००५ मध्ये लखनौच्या त्याच साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले. तोवर समज असा होता की डायनोसॉर गेल्यावर गवत आलं. चंद्रपूरच्या शेणाने तो उलटवला, आणि लेख 'सायन्स'मध्ये छापून आला. २०११ मध्ये त्यातूनच भाताच्या कुळाचं मूळही तितकंच मागे गेलं. साहनी दांपत्याच्या गुंतवणुकीवर परतावा किती टक्के, काढा आता :)

आता काकांचं उत्तर. आज पैसे कोण देतं? विद्यार्थ्यासाठी मुख्य दार सीएसआयआर-यूजीसी नेटचं. त्यात अर्थ सायन्सेसचा स्वतंत्र पेपर आहे. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता. माझा पहिला पगार याहून कमी होता, हे काकांना मुद्दाम सांगितलं. साहनी संस्थेच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत. पीएच.डी. नंतर प्रकल्पांसाठी पूर्वी एसईआरबी होतं, ते २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये २०२४ पासून विलीन झालं. बाहेरच्यांत ब्रिटनची पॅलिऑन्टॉलॉजिकल असोसिएशन सिल्व्हेस्टर-ब्रॅडली नावाने छोटी अनुदानं देते, त्याला देशाची अट नाही. अमेरिकेच्या सोसायटीची सेपकोस्की अनुदानं आहेत. ती मुळात सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडच्या उपाशी पडलेल्या संशोधकांसाठी निघाली, मग इतर गरीब देशांनाही खुली झाली.

रकमा लहान आहेत. पण जीप, डिझेल, मजुरी आणि प्लास्टर एवढं निघतं. आणि आपल्याकडून अर्ज जायला पाहिजेत याचं कारण एका लेखात सापडलं. २०२१ च्या अखेरीस 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'ने छापलेला, लेखकांत आपल्या पुण्याच्या आयसरच्या देवप्रिया चट्टोपाध्याय आहेत. गेल्या तीस वर्षांतला जागतिक जीवाश्म डेटाबेस तपासला तर ९७ टक्के माहिती श्रीमंत आणि बऱ्यापैकी श्रीमंत देशांतल्या संशोधकांनी भरलेली निघाली. हाडं सगळीकडची, सह्या तिकडच्या. मांगलीची कवटी लंडनला गेली ती बोटीने, एवढाच काय तो फरक.

बहिणीने यंदा अशाच एका छोट्या अनुदानाला अर्ज करायचं ठरवलंय. विषय इंटरट्रॅपियनमधल्या गोगलगायी, हिस्लॉपच्या टाकळीवाल्याच. बजेटचं एक्सेल मी बनवून दिलं, तेवढंच मला येतं. जीपचं भाडं, नमुन्यांच्या पिशव्या, पातळ काप करून घ्यायचा खर्च, असं सगळं ओळीने लावलं. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'लोखंडी कपाट, एक.' नियम वाचले तर पैसे फक्त फील्डवर्कला, फर्निचर बसत नाही. ती ओळ काढून टाकली. कपाट मी घेतोय, दिवाळीच्या बोनसमधून. काका म्हणाले, वरच्या खोलीत जागा करून देतो.